पाणी जिथं थांबतं

सकाळी ७:५०
नवी मुंबईतल्या नेरूळच्या नागरी आरोग्य केंद्रात हजेरी लागते. सप्टेंबर महिना. रात्रभर पाऊस पडून गेलाय आणि आता ऊन निघतंय. "हाच आमचा सीझन," ताई म्हणतात. त्या घरोघर डासांच्या अळ्या शोधतात. लोक त्यांना 'मलेरियावाल्या ताई' म्हणतात. नोकरी कंत्राटी. हातात अठरा हजार पडतात. तुर्भ्यातल्या खोलीचं भाडं सहा हजार.

पिशवीत टॉर्च, वही, खडू, लांब दांड्याचा पांढरा डाव, काचपट्ट्यांची डबी, छत्री. जोडीला फवारणीचे दादा. १० लिटर पाण्यात अडीच मिली टेमिफॉस हे अळीनाशक मोजून ते पंप भरतात. सगळं मिळून चौदा-पंधरा किलो पाठीवर येतं. पट्टा खांद्याला काचतो, म्हणून त्यांनी त्याला जुन्या टॉवेलची घडी शिवून घेतलीय.

सकाळी ८:२०
शहर वसवणाऱ्या सिडकोची जुनी इमारत. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. ताई आधी थेट गच्चीवर जातात आणि मग एकेक मजला उतरत येतात. दम असेपर्यंत टाकी बघून घ्यायची, हा हिशेब.

गच्ची गळते म्हणून सोसायटीनं वर पत्र्याची शेड घातलीय. टाकी शेडपेक्षाही उंच. तिला लोखंडी शिडी होती. खालच्या तीन पायऱ्या गंजून गेल्यात. दादा पंप उतरवतात, कठड्यावर पाय देऊन वर चढतात. टाकीचं झाकण गायब. त्याजागी फ्लेक्सचा बॅनर विटांनी दाबलेला, मधे खोलगट, त्यात पाणी.

ताई डाव वर देतात. टाकीतलं पाणी पांढऱ्या वाटीत येतं. दोन अळ्या, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या. "ॲनाफिलीस. मलेरियाचा." फ्लेक्सवरच्या पाण्यातल्या अळ्या वेगळ्या. शेपटीचं टोक वर आणि डोकं खाली, लटकलेल्या. "हा डेंग्यूचा." एकाच टाकीच्या आत मलेरिया आणि डोक्यावर डेंग्यू.

प्यायच्या पाण्याची टाकी, त्यामुळे इथं पंप चालत नाही. झाकण लावा, रिकामी करा, घासा, एवढंच सांगता येतं. सेक्रेटरी काका सांगतात की शिडीचा खर्च पुढच्या मीटिंगला घेऊ. ताई वहीत दोन ओळी लिहितात आणि काकांची सही घेतात.

सकाळी ९:३०
चौथा मजला, तिसरा, दुसरा. बेल, ओळखपत्र, चप्पल बाहेर. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्यांखालच्या ताटल्या. घरं लहान होती म्हणून लोकांनी खिडकीबाहेर ग्रिल काढल्या. ग्रिलवर कुंड्या आल्या, कुंड्यांखाली ताटल्या आल्या.

"ताई, धूर कधी मारणार?" एक काकू विचारतात.
"धुरानं उडणारा डास मरतो, काकू. ताटलीतला तसाच राहतो. अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात. तुम्ही आठवड्यातून एकदा ही ताटली पुसली तर धूर लागणारच नाही."
काकूंचा चेहरा पडतो. धूर दिसतो, आवाज करतो, काम झाल्यासारखं वाटतं. पुसलेली ताटली कुणाला दिसत नाही.

दारावर खडूनं तारीख आणि खूण. पुढचं दार.

सकाळी १०:४५
टपरीवर कटिंग, दहा रुपये. ताई अर्धाच घेतात. पाणीसुद्धा घोट-दोन घोट. पुढच्या रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही आणि तपासायला गेलेल्या घरात बाथरूम मागायचा संकोच वाटतो. दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. औषधाला साडेचारशे गेले आणि खाडा पडला तो वेगळा. लोकांच्या आरोग्यासाठी फिरणाऱ्या बाईनं तहानलेलं फिरायचं, हे मला पटत नाही. ताई मात्र आवरून उठल्यासुद्धा.

सकाळी ११:१५
गावठाण. शिरवणे, सारसोळे, करावे, दारावे, कुकशेत अशी इथली जुनी गावं. १९७० साली सिडको आली, शेतं आणि मिठागरं सेक्टरांत गेली, गावं मधेमधे राहिली. पुढं मुलांची लग्नं झाली, घरांवर मजले चढले. 'गरजेपोटीची घरं' म्हणतात त्यांना. दोन भिंतींमधून पंप तिरका केल्याशिवाय दादा जाऊ शकत नाहीत. गल्लीत दुपारीही लाइट लावावा लागतो.

महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. पण धरण भरलं म्हणून गल्लीच्या टोकाच्या नळाला दाब मिळतोच असं नाही. इथं पाणी ठरावीक वेळेला येतं. म्हणून प्रत्येक दारात निळं पिंप.

टॉर्चच्या उजेडात तिसऱ्या पिंपात अळ्या वळवळतात.
"आजी, हे ओतावं लागेल."
आजी पिंपावर हात ठेवूनच उभ्या राहतात. "पिंप खाली केला त रांधाला पानी तू देशील का गो?"

ताई वाद घालत नाहीत. "पाणी किती वाजता येतं?"
"साडेपाचला."
ताई वहीत वेळ लिहून घेतात.

दुपारी १:००
डबा. चपाती, मटकी. जागा धारण तलावाच्या काठावरची, झाडाखालची. सकाळी याच वाटेवर चालणाऱ्यांची गर्दी असते. शुगर, बीपी घेऊन माणसं फेऱ्या मारतात. तलाव मात्र फेऱ्यांसाठी खोदलेला नाही. हा सगळा भाग भराव टाकून उठवलेला, सखल. समुद्राला भरती असताना पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. तेवढा वेळ ते इथं थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. गाळ साचला की तलावाचं पोट कमी होतं आणि पाणी रस्त्यावर थांबतं.

"लोक म्हणतात डेंग्यू तलावामुळे येतो," ताई डबा पुसत सांगतात. "तसं नाही. त्याला थोडं, साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. घरातलं."

दुपारी २:१५
जुनी इमारत पाडून नवा टॉवर उठतोय. गेटवर नोंद, डोक्यावर हेल्मेट. ताज्या स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी अडवलंय. काँक्रीटला कमीत कमी ७ दिवस ओल द्यावी लागते. डासालाही तेवढेच दिवस लागतात. लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी घोटाभर. इथं दादांचा पंप चालतो. दट्ट्या वर-खाली, नळी भिंतीलगत, कडेकडेनं. दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो.

तळघराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत एक जण पांघरूण घेऊन पडलाय. तीन दिवस ताप. रोजचे सातशे बुडतायत. ताई डाव्या हाताची अनामिका स्पिरिटनं पुसतात, टोचतात. एका काचपट्टीवर दोन लेप, एक जाड, एक पातळ. पेन्सिलीनं नंबर. "भैया, रिपोर्ट येईपर्यंत मच्छरदाणीत झोप." मच्छरदाणी नाही. ताई सुपरवायझरला गाठतात आणि ती आज संध्याकाळीच आणायची हे कबूल करून घेतात. दोनशे-अडीचशेची वस्तू.

दुपारी ४:१०
केंद्रात परत. काचपट्ट्या प्रयोगशाळेत, आकडे रजिस्टरमध्ये. किती घरं, किती भांडी, किती सापडली. रकाने भांड्यांचे आहेत: टाकी, पिंप, कुंडी, टायर. गंजलेली शिडी, कमी दाबाचा नळ, गळणारी गच्ची यांना रकाना नाही. ताई समासात बारीक अक्षरात तेही लिहितात. नकाशे काढणाऱ्यांनी हे समास वाचायला हवेत. अळी कुठं सापडणार, ते बरंचसं नकाशातच ठरलेलं असतं.

ड्युटी संपली.

संध्याकाळी ५:१०
ताई स्टेशनकडे न जाता गावठाणाची शेअर रिक्षा धरतात. भाडं पदरचं.

पाणी यायला वीस मिनिटं. पिंपात तळाशी वीतभर उरलंय. आता ओतायला आजींची हरकत नाही. ताई पिंप आडवं करतात आणि टॉर्च आतल्या बाजूला धरतात. पाण्याच्या जुन्या रेघेवर मोहरीहून बारीक काळे ठिपके चिकटलेत. "ही अंडी. नुसतं ओतून जात नाहीत. कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जगतात, पाणी लागलं की फुटतात." काथ्यानं घासून दाखवतात. मग काथ्या आजींच्या सुनेच्या हातात देतात. शेजारच्या दोन वहिनी आपापली पिंपं आडवी करतात.

साडेपाचला नळ सूं करतो. पिंपांवर जुन्या ओढण्या बांधल्या जातात, कडेनं सुतळी.

"दर बुधवारी, पाणी यायच्या आधी," ताई आपला नंबर सुनेच्या मोबाईलमध्ये टाकत सांगतात. "आणि पाण्याची वेळ बदलली तर मला फोन करा. मी त्या वेळेला येईन."