जोत्याखालचे पाणी

छतातून गळणारे पाणी घरातील प्रत्येकाला दिसते. त्याखाली भांडे ठेवले जाते, गवंड्याला निरोप जातो. जमिनीत पुरलेल्या नळातून झिरपणारे पाणी मात्र दिसत नाही. ते पायाखालच्या मातीत मुरत राहते आणि त्याची खूण वेगळ्याच ठिकाणी उमटते. भिंतीच्या तळाशी पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुटतो, एखाद्या कोपऱ्यातील फरशी सदैव ओलसर लागते, सहज लागणारा दरवाजा चौकटीत अडकू लागतो. आपण सुताराकडून दरवाजा तासून घेतो, भिंतीला नवा रंग देतो आणि निर्धास्त होतो. पाणी खाली तसेच वाहत असते.

दर सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाकाठी सुमारे ४ लिटर, म्हणजे वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी जमिनीत जाते. परंतु घराला धोका केवळ पाण्याच्या प्रमाणामुळे होत नाही; पाणी मातीचे काय करते, यावर तो अवलंबून असतो. महाराष्ट्राचे पठार, माळवा, उत्तर कर्नाटक या प्रदेशांत काळी माती विपुल आहे. या मातीतील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आक्रसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा शेतकऱ्याच्या परिचयाच्या आहेत. पायाखालची सर्व माती सारखीच ओली किंवा सारखीच कोरडी राहिली, तर घर बहुधा तग धरते. गळतीमुळे मात्र एकच कोपरा भिजतो. तेथील माती फुगून पाया वर उचलते, उरलेला पाया जागच्या जागी राहतो आणि या ओढाताणीत भिंत तिरपी चिरते. असे तडे बहुतेक वेळा दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघतात. रेताड जमिनीत याच्या उलट घडते. वाहते पाणी बारीक कण सोबत नेते, फरशीखाली पोकळी निर्माण होते व जमीन खचते. अशा फरशीवर काठी आपटली असता पोकळ आवाज येतो.

काळ्या मातीचा हा स्वभाव ओळखून रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. हे खांब हंगामानुसार फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या थराच्या खाली, स्थिर मातीत रोवलेले असतात. जुन्या, साध्या घरांना अशी सोय क्वचितच असते. म्हणून तेथे गळती वेळेवर शोधणे हाच उपाय उरतो.

शोधाची सुरुवात फरशी फोडून करू नये. नळाला पाणी येण्याच्या वेळेत हौदात पाणी सोडणारा कॉक बंद करावा, थेट जोडणीचे अन्य नळ असल्यास तेही बंद करावेत आणि मीटर पाहावे. काटा फिरत असेल, तर मीटर आणि हौद यांच्यामधील नळ फुटलेला आहे. काटा स्थिर असेल, तर रात्री गच्चीवरील टाकी भरून पातळीची खूण करावी, रात्रभर पाणी वापरू नये व सकाळी पातळी पुन्हा पाहावी. ती उतरली असेल, तर प्रथम शौचालयातील फ्लशची टाकी तपासावी. पुष्कळदा चोर तेथेच सापडतो. या दोन्ही ठिकाणी दोष नसेल, तर सांडपाण्याच्या नळाचे चेंबरकडील तोंड तात्पुरते बंद करून नळ पाण्याने भरावा. पातळी घसरली, तर गळती तेथे आहे. केवळ पावसाळ्यात दिसणारी आणि उन्हाळ्यात नाहीशी होणारी ओल बहुधा नळाची नसते. ती भूजलाची किंवा पागोळ्यांची असते.

याबाबत चालढकल करू नये, याला आणखी एक कारण आहे. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा थांबला की नळातील दाब नाहीसा होतो आणि त्याच छिद्रातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. सांडपाण्याचा नळ शेजारून जात असेल, तर कावीळ, विषमज्वर, अतिसार असे रोग पिण्याच्या पाण्यातून घरात येतात. म्हणून गळतीचा संशय येताच, दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

गळतीची जागा कळल्यावर कारागीर बहुधा तेवढाच तुकडा बदलण्याचा सल्ला देतो. नळ नवा असेल, तर ते योग्यच. परंतु वीस-पंचवीस वर्षांचा गंजलेला लोखंडी नळ एका जागी फुटला, तर त्याचे इतर सांधेही फार काळ टिकत नाहीत. अशा वेळी जुनी वाहिनी निकामी करून नवी वाहिनी भिंतीवरून उघडी न्यावी. ती दिसायला बरी दिसणार नाही. पण पुढची गळती डोळ्यांसमोर होईल. पायालगत खणावे लागल्यास एका वेळी थोडेच खणावे आणि माती थराथराने चोपून भरावी. खांबाला किंवा तुळईला तडा असेल, तर संरचना अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय फावड्याला हात लावू नये.

गळती थांबताच भिंतीचे तडे बुजवण्याची घाई करू नये. भिजलेली माती सावकाश वाळते आणि वाळताना पुन्हा सरकते. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी, तड्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवावी. पट्टी तडकली, तर हालचाल अजून चालू आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती अखंड राहिली, म्हणजे गिलाव्यासाठी गवंड्याला बोलावण्यास हरकत नाही.