लॅमिंग्टन रोडचं दुसरं टोक

ग्रँट रोड स्टेशनला उतरून कधी स्पीकरची वायर, कधी कॉम्प्युटरचा एखादा सुटा भाग शोधत लॅमिंग्टन रोडवर पायपीट केली नाही, असे मुंबईकर थोडेच असतील. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं, तरी लोकांच्या तोंडून लॅमिंग्टन काही जात नाही. हे लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये १९४० साली उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे जखमी झालेले म्हातारे लॅमिंग्टन ते हेच. मुंबईला येण्याआधी, १८९६ ते १९०१ अशी पाच वर्षं ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. तिथेही त्यांचं नाव मागे राहिलं. एका केकला, आणि दोनशे चौरस किलोमीटरहून मोठ्या एका पर्जन्यवनाला.

या जंगलाच्या आसपासचे डोंगर गोल्ड कोस्ट या किनाऱ्यावरच्या शहराहून निघून एका दिवसात पाहता येतात. बहुतेक पर्यटक समुद्राकडे तोंड करून बसतात; माझं म्हणणं, एक दिवस समुद्राकडे पाठ करा.

पहाटे निघालं की तासाभरात टॅम्बोरीन माउंटन येतो. उंची साधारण पाचशे मीटर, म्हणजे आपल्या लोणावळ्याहून थोडी कमीच. वर ईगल हाइट्स, नॉर्थ टॅम्बोरीन अशी गावं एकमेकांना चिकटून आहेत. हस्तकलेच्या वस्तूंची, फज नावाच्या मिठाईची दुकानं रांगेने लागतात. तिथे अर्धा तास पुरे. खरं बघायचं ते पायाखाली. माती लालभडक आहे, थेट महाबळेश्वरची आठवण करून देणारी. कारणही तेच. लाव्हापासून झालेला बेसॉल्ट लाखो वर्षं पावसात कुजला, त्यातल्या लोखंडाला गंज चढला, की अशी माती होते.

याच डोंगरावर १९०८ साली क्वीन्सलँडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, विचेस फॉल्स. जेमतेम १३१ हेक्टर. उभ्या उतारावरची ती जमीन शेतीला निरुपयोगी होती, म्हणून वाचली असं म्हणता येईल. पण वाचली हे खरं. पायवाटेने खाली उतरताना एका झाडापाशी थांबाच. बाहेरून तो एक प्रचंड बुंधा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की तो बुंधाच नाही, एकमेकांत विणलेल्या मुळांची जाळी आहे, आणि आत डोकावलं तर पोकळी. हा आपल्या वडा-पिंपळाचा भाऊबंद. पक्ष्याच्या विष्ठेतून बी उंच फांदीवर पडतं, तिथेच रुजतं आणि मुळं खाली सोडतं. मुळं जमिनीला टेकली की ती जाड होऊ लागतात आणि आधाराच्या झाडाला विळखा घालतात. पुढे ते झाड मरतं, कुजून जातं, उरतो त्याचा आकार. जुन्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या भागातलं आणखी एक झाड आपल्या चांगलं ओळखीचं आहे. सिल्व्हर ओक. निलगिरीच्या चहाच्या मळ्यांत, कूर्गच्या कॉफीच्या बागांत सावलीसाठी लावलेला, आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात उभा असलेला हा सरळसोट वृक्ष मूळचा याच डोंगररांगांतला. पानाची पाठ चंदेरी म्हणून आपण त्याला सिल्व्हर म्हणतो. ओकच्या झाडाशी त्याचं काडीचंही नातं नाही.

टॅम्बोरीनहून उतरलं की पायथ्याशी कनंग्रा लागतं. छोटंसं, शांत गाव. चहाबरोबर लॅमिंग्टन केक इथे खावा: स्पंजचा चौकोनी तुकडा, चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला. एकेकाळी या गावात लाकडाच्या मोठ्या गिरण्या होत्या आणि त्यांतली एक लाही कुटुंबाची होती. जंगल कापून ज्यांचं घर चालत होतं, त्याच घरातला रोमिओ लाही हे जंगल वाचवायला उभा राहिला. आधी रॉबर्ट कॉलिन्स नावाच्या जमीनदाराने अनेक वर्षं सरकारचा पिच्छा पुरवला होता. ते १९१३ साली गेले. मग लाहीने गावोगाव फिरून सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या आणि १९१५ साली लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. नाव गव्हर्नरचं लागलं. मला विचाराल तर ते लाहीचं लागायला हवं होतं.

कनंग्राहून बीचमाँटमार्गे बिना बुराला गेलं की या जंगलाचं दार उघडतं. आत शिरताच उजेड हिरवा होतो आणि आवाज बदलतात. वाटेच्या कडेला, झुडपाखाली, नीट बघा. काटक्यांच्या दोन समांतर भिंती उभ्या केलेल्या दिसतील, वीतभर उंच, मध्ये अरुंद बोळ. तोंडाशी निळ्या वस्तूंचं अंगण: निळी पिसं, निळी फुलं, बाटलीची निळी झाकणं, प्लॅस्टिकचा निळा चमचा. हे घरटं नव्हे. सॅटिन बोवरबर्ड नावाच्या पक्ष्याचा नर मादीला भुलवण्यासाठी हा मांडव घालतो. तो स्वतः चकचकीत निळा-काळा असतो. एखादं झाकण उचलून दोन बोटं सरकवून ठेवतो, मागे होऊन बघतो, पुन्हा सरकवतो. मादी येते, मांडव तपासते, पसंत पडला तर थांबते. घरटं ती एकटीच दुसरीकडे बांधते आणि पिल्लंही एकटीच वाढवते.

याच जंगलात अल्बर्ट्स लायरबर्ड राहतो. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या सीमेवरचा हा लहानसा डोंगराळ पट्टा सोडला तर जगात कुठेच नाही. इतर पक्ष्यांचे आवाज तो हुबेहूब काढतो. पण थक्क करणारी गोष्ट त्याच्या वंशावळीत आहे. पक्ष्यांच्या डीएनएचा अभ्यास सांगतो, की गाणाऱ्या पक्ष्यांचा सबंध वंश ऑस्ट्रेलियाच्या बाजूला उगम पावला आणि तिथून जगभर पसरला. लायरबर्ड ही त्या वंशवृक्षाची अगदी बुडातून फुटलेली फांदी. आपल्या अंगणातला दयाळ, तारेवरचा बुलबुल, खिडकीतली चिमणी, एवढंच काय, पितृपक्षात आपण ज्याची वाट बघतो तो कावळासुद्धा याच गोतावळ्यातला.

२०१९च्या सप्टेंबरमध्ये वणव्याने बिना बुराचं जुनं विश्रामगृह जाळून टाकलं. लाहीने आर्थर ग्रूम यांच्यासह १९३३ साली उभारलेलं. कायम ओलं असणारं पर्जन्यवन सहसा पेटत नाही. त्या वर्षी इतका दुष्काळ होता की या जंगलाच्याही कडा जळाल्या. आगीची सवय निलगिरीच्या झाडांना आहे, जळाल्यावर ती पुन्हा फुटतात. इथल्या झाडांना ती कला येत नाही.

दुपार कलताना नुमिनबा खोऱ्यात उतरून स्प्रिंगब्रूकच्या पठारावर चढायचं. वर एका कड्याचं नावच 'बेस्ट ऑफ ऑल लुकआउट' आहे. ढग नसतील तर नाव खोटं नाही. समोर वोलुम्बिनचा सुळका दिसतो. सुमारे दोन कोटी तीस लाख वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी पेटला, जवळजवळ शंभर किलोमीटर पसरला, दोन किलोमीटर उंच झाला. पावसाने आणि नद्यांनी तो पोखरला. उरलेला सुळका म्हणजे त्याच्या नळीत थिजलेला लाव्हा, आणि आपण उभे असतो तो कडा म्हणजे त्याच्या उतरणीचा तुकडा. पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून भूखंड सरकताना असे ज्वालामुखी होतात. आपला सह्याद्रीचा कातळही असाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

कड्याकडे जाणाऱ्या वाटेवरच अंटार्क्टिक बीचची झाडं आहेत. शेवाळाने मढलेले, गाठाळ, वाकडेतिकडे बुंधे, आणि तेही वर्तुळात. केळीच्या खुंटाभोवती पिलं फुटावीत तसे जुन्या बुंध्याभोवती नवे कोंब येतात. मधला म्हातारा कुजून जातो, पण मूळ तेच राहतं. काही झाडांची मुळं दोन हजार वर्षांची असावीत असा अंदाज आहे.

याच कुळातली झाडं दक्षिण अमेरिकेत, न्यूझीलंडमध्ये, न्यू गिनीत सापडतात. त्यांचे जीवाश्म अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली मिळतात. हे सगळे भूभाग एकदा जोडलेले होते. त्या महाखंडाचं नाव गोंडवाना, आणि ते नाव आलं आपल्या गोंडवनातून, गोंडांच्या मुलखातून. भूशास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या खडकांना ते आधी दिलं, मग एडुआर्ड झ्यूस यांनी अख्ख्या खंडाला दिलं. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा याच गोंडवन खडकांतला. त्या काळच्या ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेसारखी पानं भारताच्या, ऑस्ट्रेलियाच्या आणि अंटार्क्टिकाच्याही खडकांत उमटलेली आहेत. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली स्कॉट आणि त्याचे सोबती मेले. त्यांच्या घसरगाडीत सोळा किलो दगड निघाले, आणि त्यांत हे पान होतं. मरायला टेकलेल्या माणसांनी ते टाकून दिलं नव्हतं.

मग बीच सह्याद्रीत का नाही? कारण सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारताने वाटणी घेऊन वेगळी चूल मांडली, आणि बीचचं कूळ त्यानंतर जन्माला आलं. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका मात्र आणखी कोट्यवधी वर्षं एकत्र नांदले. म्हणून बीच त्यांच्या वाट्याला आला, आपल्या नाही. या वनांपैकी न्यू साउथ वेल्समधल्या वनांना १९८६ साली आणि क्वीन्सलँडमधल्या वनांना १९९४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि २००७ साली त्यांचं नाव अधिकृतपणे 'गोंडवाना रेनफॉरेस्ट्स ऑफ ऑस्ट्रेलिया' झालं. क्वीन्सलँडच्या पाटीवर आज विदर्भाच्या शेजारचं नाव आहे.

अंधार पडायच्या सुमारास पुन्हा खोऱ्यात, नॅचरल ब्रिजला. निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील तर हे लगेच कळेल. ओढ्याने गोटे फिरवून फिरवून वरून रांजण कोरला, धबधब्याने खालून गुहा पोखरली, आणि एक दिवस रांजणाचा तळ फुटला. तेव्हापासून पाणी गुहेच्या छतातून आत कोसळतं.

काळोख दाटला की त्या छतावर निळसर-हिरवे ठिपके उमलतात. शेकडो, अगदी स्थिर. भंडारदऱ्याचे काजवे जोडीदाराला बोलावतात. हे भक्ष्याला बोलावतात. एका चिलटासारख्या माशीच्या या अळ्या. प्रत्येकीने छताला रेशमी धागे टांगलेले असतात, त्यांवर चिकट थेंब मण्यांसारखे ओवलेले. उजेडाला भुललेला किडा अडकला की अळी धागा वर ओढून घेते. आयुष्याचं सगळं खाणं तिला इथेच उरकावं लागतं, कारण पंख फुटल्यावरचे थोडे दिवस ती काही खातच नाही.

म्हणून एकच विनंती. गुहेत शिरण्याआधी टॉर्च विझवा, फ्लॅश मारू नका, डास पळवणारं मलम लावून आत जाऊ नका. उजेड पडला की अळ्या आपला दिवा मालवतात, आणि दिवा मालवला की त्या रात्री उपाशी राहतात.