तळाशी वाळू घालावी की काच उघडी ठेवावी?

गोड्या पाण्याचा फिशटँक दिवाणखान्यात आता नवा राहिलेला नाही. हौशी घरांतून खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकीही दिसू लागली आहे. हौस बहुधा मिस्टरांची नाहीतर मुलांची. तळाचा गाळ उपसायचं काम कुणाकडे येतं ते मैत्रिणींनो, तुम्हांला सांगायला नकोच! तेव्हा तळाचा निर्णय टाकी भरण्याआधी आपणच घेतलेला बरा. एकदा दगड रचून पाणी भरलं की तळ बदलणं म्हणजे भरलेलं बिऱ्हाड हलवणं.

वाळू सुंदर दिसते, यात वाद नाही. तिच्या कणांवर राहणारे जिवाणू माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवतात. शिवाय रॅस जातीचे कितीतरी मासे रात्री वाळूत शिरूनच झोपतात. त्यांना उघड्या काचेवर ठेवणं म्हणजे छळच.

पण ही वाळू काही केरसुणीने झाडता येत नाही. उरलेलं खाणं तिच्यात मुरतं, नायट्रेट वाढतं, शेवाळ माजतं. जाड खडी तर मुळीच नको. दाणा एक-दोन मिलिमीटरचा आणि थर एक ते दोन इंचांचा पुरे. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीला दोन इंच थर द्यायचा तर ४० किलोच्या आसपास वाळू लागते, हे हिशेबात धरा. काहीजण चार इंचांहून जाड थर देतात. त्याच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. ऐकायला छान! पण तो थर कुणी उकरला तर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटून मासे दगावू शकतात. नवशिक्या घरात हा उद्योग नकोच.

उघड्या काचेवर कचरा समोर दिसतो, नळीने ओढून काढता येतो. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळांना पाण्याचा जोरदार प्रवाह लागतो. त्यात बारीक वाळू उडून त्यांच्या अंगावर बसते. त्यांची हौस असेल तर काचच ठेवावी. सुरुवातीला भकास वाटते, पण पुढे तिच्यावर गुलाबी-जांभळं शैवाल चढतं. मात्र जिवाणूंची भिस्त मग दगडांवरच, म्हणून ते सच्छिद्र आणि पुरेसे हवेत.

वाळूच घालायची ठरली तर आधी दगड काचेवर पक्के बसवा, मग भोवती वाळू पसरा. नाहीतर बिळं करणारे मासे खालून उकरतात आणि दगड कोसळून काच तडकते. वाळू अ‍ॅरॅगोनाइटची घ्यावी, म्हणजे चुनखडीच्या जातीची. ती विरघळून प्रवाळांना चुना पुरवते, असं दुकानदार सांगेल. टाकीतल्या पाण्यात ती जवळजवळ विरघळतच नाही. बांधकामाची किंवा चौपाटीवरची वाळू नको. मालवणच्या सहलीतून प्रवाळाचा तुकडाही आणू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो.

नवी वाळू गढूळपणा जाईपर्यंत धुऊन घ्या. पुढे नळीने साफ करताना एका वेळी एकच कोपरा घ्यावा, बाकीची तशीच राहू द्यावी.