टाक्यांचा हिशेब

१८१३ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोर बंदराच्या तोंडावरच्या मॅकहेन्री किल्ल्याचा अधिकारी मेजर जॉर्ज आर्मिस्टेड याला असं निशाण हवं होतं, की इंग्रजी आरमाराला ते दुरूनसुद्धा दिसलंच पाहिजे. काम गेलं मेरी पिकर्सगिलकडे. ती विधवा होती आणि जहाजांची निशाणं शिवून घर चालवत होती. तिने दोन निशाणं शिवून दिली: एक ४२ बाय ३० फुटांचं, दुसरं वादळी हवेसाठी २५ बाय १७ फुटांचं. पहिल्याचे ४०५ डॉलर ९० सेंट मिळाले, दुसऱ्याचे १६८ डॉलर ५४ सेंट. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात इंग्रजांनी किल्ल्यावर सुमारे २५ तास मारा केला. १४ तारखेच्या सकाळी निशाण अजून किल्ल्यावरच आहे हे पाहून फ्रान्सिस स्कॉट की याने कविता लिहिली. १९३१ साली ती अमेरिकेचं राष्ट्रगीत झाली. कवीचं नाव झालं. शिवणारणी मागे राहिल्या.

निशाण शिवल्याला २०० वर्षं होत असताना, २०१३ साली, मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने मोठं निशाण पुन्हा शिवायला घेतलं. मुहूर्त ४ जुलैचा, मुदत मेरीला लागली होती तेवढीच, म्हणजे सहा आठवडे, आणि सगळं काम हाताने. रजया शिवणाऱ्या स्वयंसेवकांनी दीड लाखाच्या वर टाके घातले. यंत्रावर हे काम कितीतरी लवकर उरकलं असतं. पण मग त्यातून कळलं काय असतं?

पहिली अडचण कापडाची. आजची निशाणं बऱ्याचदा नायलॉनची असतात. मूळ निशाणाचं कापड होतं बंटिंग, म्हणजे सैल विणीची पातळ लोकर. वारा तिच्यातून आरपार जातो आणि भिजली तरी ती लवकर वाळते. गंमत अशी, की हे कापड इंग्लंडमध्ये विणलेलं होतं. ज्यांच्याशी लढाई, त्यांच्याच मागावरची लोकर! प्रतिकृतीसाठी ते मुद्दाम विणून घ्यावं लागलं.

मग बेतणं. निशाणावर आठ तांबडे आणि सात पांढरे पट्टे, प्रत्येक दोन फूट रुंद. कापडाचा पन्हा मात्र १८ इंचांचा. म्हणजे प्रत्येक पट्ट्याला आणखी सहा इंचांची पट्टी जोडणं आलं, आणि तीही थेट टोकापर्यंत. ताऱ्यांची युक्ती याहून सरस. दोन-दोन फुटांचे पंधरा सुती तारे निळ्या कापडाच्या एकाच बाजूला शिवायचे, आणि मग पाठीमागचं निळं कापड ताऱ्याच्या आकारात कापून कडा दुमडून टाचायच्या. एकच तारा दोन्हीकडून दिसतो, कापड वाचतं आणि वजनही घटतं.

एवढं धूड पसरायला मेरीच्या घरात जागा नव्हती. शेजारच्या दारूभट्टीच्या कोठारात जमिनीवर निशाण अंथरून ती रात्री बारापर्यंत शिवत असे, असं तिच्या मुलीने, कॅरोलाइनने, म्हातारपणी एका पत्रात लिहून ठेवलं आहे.

मूळ निशाण पुढे आर्मिस्टेडच्या घराण्यात राहिलं. घरच्यांनी त्याचे तुकडे कापून आठवण म्हणून वाटले. त्यात एक तारा गेला आणि लांबीतले आठ फूट कमी झाले. स्मिथसोनियन संग्रहालयात आल्यावर १९१४ मध्ये अमेलिया फाउलर आणि तिच्या सहकारी बायकांनी त्याला लिननचं अस्तर लावलं, त्यासाठी सुमारे १७ लाख टाके घातले. शिवायला दीड लाख, सांभाळायला १७ लाख! शतकाच्या अखेरीला जतनतज्ज्ञांनी तेच टाके एकेक करून उसवले, कारण अस्तराच्या ओझ्याने जुनी लोकर ताणली जात होती. आता ते निशाण मंद उजेडात जवळजवळ आडवं ठेवलेलं असतं. ४२ फुटांचं निशाण अंगावर येतं म्हणजे काय, ते प्रतिकृतीपुढे उभं राहूनच कळतं.

आणखी एक गोष्ट हात चालवल्यावरच पटते: सहा आठवड्यांत हे एकटीचं काम नव्हे. मेरीच्या हाताखाली मुलगी कॅरोलाइन होती, एलिझा आणि मार्गारेट या भाच्या होत्या, आणि ग्रेस विशर नावाची कृष्णवर्णीय पोर होती. तिच्या आईने, जेनीने, तिला सहा वर्षांच्या कराराने मेरीकडे घरकाम आणि शिवण शिकायला ठेवलं होतं. निशाणाच्या पैशांच्या पावतीवर मेरीच्या वतीने सही आहे ती एलिझाची. ग्रेसचं नाव कागदावर आहे, पण ते त्या करारात.