एका सुताची किंमत

हळदीकुंकवाला मैत्रिणी भेटतात खऱ्या. परंतु घरचीं सर्व कामें आवरून, सासूबाईंची परवानगी घेऊन, एक अख्खा दिवस बाहेर काढणें एकत्र कुटुंबांतील किती जणींस साधतें? गेल्या हिंवाळ्यांत आम्हां चौघींस तो योग आला. नांदेडास खादी व हातमागाच्या कापडांचें प्रदर्शन भरलें होतें. पहांटेच लातूर सोडलें आणि अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यानें जाऊन दारें उघडतांच मंडपांत शिरलों.

वस्त्रकला नांदेडास नवी नव्हे. एके काळीं येथील तलम मलमल आणि जरीकांठी उपरणीं नांवाजलेलीं होतीं. मंडपांत प्रथम भेटली ती पैठणी. तिच्या पदरावरील मोर पाहून आमचीं पावलें तेथेंच खिळलीं. शेजारीं औरंगाबादचा हिमरू होता. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा.

खादीच्या दालनांत मात्र आमच्यापैकीं एकीनें चादर उचलून नाक मुरडलें. "इतकें जाडेंभरडें कापड आणि एवढी किंमत! कांहीं कमी करा." तेथील वयस्क बाई रागावल्या नाहींत. "ताई, जरा बसा येथें," म्हणून त्यांनीं चरखा पुढें केला. पेळू हातांत घेऊन आमची मैत्रीण बसली. सूत कधीं जाड येई, कधीं तुटे. पाव तास गेला, तरी हातभर सारखें सूत कांहीं निघालें नाहीं. "आतां तुम्हीच सांगा, यांतलें काय कमी करूं?" बाई हंसून म्हणाल्या. मैत्रिणीनें मुकाट्यानें पैसे मोजले. आम्हीही मनांतल्या मनांत भाव पाडीतच होतों, हें कबूल केलें पाहिजे.

त्याच दालनांत घडी घातलेले तिरंगी ध्वज होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनें उभ्या राहिलेल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडून नांदेडांत ते तयार होत आले आहेत, आणि त्यांचें कापड विणलें जातें आपल्या लातूर जिल्ह्यांतल्या उदगिरास! लांबी-रुंदीचें प्रमाण तिनास दोन, चक्राचे आरे चोवीस, दोरी ओवण्याची पट्टी निराळ्या जाड कापडाची. यांत कोठेंही चूक चालत नाहीं.

पूर्वीं ध्वजासाठीं हातानें कांतलेलें व हातानें विणलेलें कापडच लागे. ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहितेंत बदल होऊन यंत्रावरील व पॉलिएस्टरच्या कापडासही मुभा मिळाली. ध्वज स्वस्त झाले, घरोघरीं पोंचले, हें चांगलेंच. परंतु चरख्यावर व मागावर बसणाऱ्यांच्या हाताला काम कोण देणार? तो प्रश्न आतां नियमानें सुटावयाचा नाहीं; आपणां गिऱ्हाइकांच्या मनानेंच सुटेल.

आम्हीं एक लहानसा खादीचा ध्वज घेतला. रात्रीं घरीं येऊन तो आजेसासऱ्यांपुढें ठेवला. देश १९४७ सालीं स्वतंत्र झाला. मराठवाडा मात्र निजामाच्या राजवटींतून १७ सप्टेंबर १९४८ रोजीं सुटला. तोंवर हाच तिरंगा उभारल्याबद्दल येथें माणसें तुरुंगांत गेलीं. आजेसासरे तेव्हां दहा वर्षांचे होते. त्यांनीं कापडावरून सावकाश हात फिरविला, आणि एरवीं भाजीचाही भाव विचारणाऱ्या त्या वृद्धानें ध्वजाची किंमत कांहीं विचारली नाहीं.

आमच्या वाचकभगिनींनींही खादी घेतांना भाव करण्यापूर्वीं एकदां चरख्यावर बसून पाहावें.