अब्जांश तंत्रविद्या
अब्जांश तंत्रविद्या : सु. १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जांश) मापाच्या द्रव्याच्या गुणधर्मांचा उपयोग करणारी तंत्रविद्या. ही संज्ञा नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये योजिली.

एरवी द्रव्याचे गुणधर्म त्याच्या संघटनावर ठरतात. या मर्यादेत ते आकारमान व आकार यांवरही अवलंबून असतात. १ सेंमी. बाजूच्या घनाचे १ नॅनोमीटर बाजूचे घन केल्यास एकूण पृष्ठफळ ६ चौ. सेंमी.वरून ६,००० चौ. मी. (सु. दीड एकर) होते व रासायनिक क्रियाशीलता वाढते. शिवाय इलेक्ट्रॉन अल्प जागेत कोंडले गेल्याने द्रव्याचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद बदलतो. सोन्याचे गोल अब्जांश कण पाण्यात तांबडे दिसतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकारी यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या लवणाचे क्षपण करून त्रिकोणी पत्रे मिळविले. ते अवरक्त प्रारणही शोषतात.

या विषयात भौतिकी, रसायनशास्त्र व जीवविज्ञान एकत्र येतात. पुणे विद्यापीठातील भौतिकीच्या माजी प्राध्यापिका सुलभा कुलकर्णी यांनी त्यावर इंग्रजी पाठ्यपुस्तक लिहिले आहे. एरवी निरुपद्रवी असलेले द्रव्य अब्जांश कणरूपातही निर्धोक असेलच असे नाही. म्हणून त्याची विषाक्तता स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.