प्लेगच्या जिवाणूने कापलेला पतंग

विद्यार्थी मित्रांनो, सप्टेंबर १९९४ मधले सुरत तुम्ही पाहिलेले नाही. घरी आजी-आजोबांना विचारा. फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली, दुकानांतले टेट्रासायक्लीन संपले आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. पन्नासच्या आसपास माणसे दगावली. हा प्लेगच होता का, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० साली त्या साथीतील जिवाणूंची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. तो प्लेगचाच जिवाणू निघाला.

पण आपल्या शरीरात इतक्या पांढऱ्या पेशी पहारा देत असताना तो त्यांच्या हाती का लागत नाही?

जिवाणू दिसला की पांढरी पेशी हातासारखे फाटे पुढे काढते आणि त्याला गिळते. हे फाटे कुठे काढायचे याचा निरोप ‘ऱ्हो’ गटातील प्रथिने देतात. ती पेशीच्या आतल्या द्रवात तयार होतात, पण त्यांचे काम असते पेशीपटलाशी. पटल मेदाचे, प्रथिन पाण्यात राहणारे. मग ते तिथे टिकणार कसे? त्यासाठी पेशी प्रथिनाच्या टोकाजवळच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला एक तेलकट शेपटी जोडते. पुढची तीन अमिनो आम्ले आंतर्द्रव्यजालिकेवर छाटली जातात. मग ती शेपटी पटलात रुतते. काम नसेल तेव्हा दुसरे एक प्रथिन शेपटी आपल्या खोबणीत झाकून ऱ्होला द्रवात परत आणते. ही सोय आम्हाला फारच आवडली! पटलाजवळ ऱ्होला जीटीपी हा रेणू चिकटला की बटण चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद.

प्लेगचा जिवाणू नेमका इथेच घाव घालतो. सुईसारख्या नळीतून तो आपली प्रथिने पांढऱ्या पेशीत टोचतो. त्यातले ‘योप-ई’ ऱ्होचे बटण बंद करते. ‘योप-टी’ तर शेपटीच कापते! उत्तरायणाला मांज्याने कापलेला पतंग आठवा. पतंग फाटलेला नसतो, पण दोर तुटल्यामुळे कुणाच्याच हातात राहत नाही. तसे ऱ्हो द्रवात भरकटते, निरोप थांबतो, फाटे निघत नाहीत आणि जिवाणू बाहेर निवांत वाढतो.

टेट्रासायक्लीन हा तुटलेला दोर जोडत नाही. ते जिवाणूच्या रायबोझोमला, म्हणजे प्रथिने बनवण्याच्या कारखान्याला, अडवते; त्यामुळे त्याची वाढ थांबते आणि नवी ‘योप’ तयार होत नाहीत. मात्र फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये लक्षणे दिसल्यापासून साधारण २४ तासांच्या आत औषध सुरू व्हावे लागते.